कयाधू–इसापूर पाणी वळविणे योजना

कयाधू–इसापूर पाणी वळविणे योजना ही महाराष्ट्रातील हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीवर खरबी परिसरात बंधारा घालून तिचे पावसाळी पाणी पैनगंगा नदीवरील इसापूर जलाशयात नेण्याची योजना आहे. स्थानिक बोलीत व वृत्तपत्रांत ती ‘खरबी बंधारा’ या नावाने ओळखली जाते. योजनेचा उगम ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पात आहे. त्या प्रकल्पाच्या मूळ आराखड्यात कयाधूवर सापळी येथे धरण होते. ते दीर्घकाळ रखडले, आणि त्यातून गृहीत धरलेल्या पाण्याची भरपाई कोठून करावयाची या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांपैकी खरबी हे एक होय.

योजनेचा लाभ प्रामुख्याने इसापूरच्या कालव्यांवरील क्षेत्रास, म्हणजे मुख्यतः नांदेड व यवतमाळ जिल्ह्यांतील शेतीस होणार आहे. पाणी मात्र हिंगोली जिल्ह्यातून वाहणाऱ्या नदीचे आहे. हिंगोली हा सिंचनाचा अनुशेष असलेला जिल्हा म्हणून ओळखला जातो. त्यामुळे बंधाऱ्याची उंची किंवा खर्च यांपेक्षा ‘तूट कोणाची धरावयाची’ हा या योजनेतील वादाचा मुख्य मुद्दा ठरला आहे.

भूगोल

पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते आणि सुमारे ६७६ किलोमीटर वाहून वर्धा नदीस मिळते. वर्धेचे पाणी प्राणहितेमार्गे गोदावरीत जाते. वाशिम आणि हिंगोली, पुढे यवतमाळ आणि हिंगोली, त्यानंतर यवतमाळ आणि नांदेड या जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहत असल्याने विदर्भ व मराठवाडा या दोन प्रदेशांमधील सीमारेषा बऱ्याच अंतरापर्यंत हीच नदी ठरविते.

कयाधू ही पैनगंगेची उजव्या तीरावरील उपनदी आहे. ती वाशिम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यात उगम पावते, सेनगाव तालुक्यातून हिंगोली शहराजवळ येते आणि कळमनुरी तालुक्यातून पुढे जाऊन नांदेड जिल्ह्यातील हदगाव तालुक्यात पैनगंगेस मिळते. नदी हंगामी आहे. पावसाळ्यात ती पूर आणते, हिवाळ्यात डोहांपुरती उरते आणि उन्हाळ्यात बहुतेक ठिकाणी पात्र कोरडे पडते. खोऱ्यात काळ्या बेसाल्ट खडकावर काळी माती आहे. असा खडक भेगा व सांधे असतील तेथेच पाणी धरतो, म्हणून विहिरींची साथ मर्यादित असते. सोयाबीन, तूर, हरभरा व हळद ही येथील प्रमुख पिके असून पहिली दोन पावसावर, तर हळद जवळपास संपूर्णपणे विहिरीच्या वा कालव्याच्या पाण्यावर अवलंबून असते.

योजना समजून घेताना एक भौगोलिक बाब ध्यानात ठेवावी लागते. कयाधूचा पैनगंगेशी होणारा संगम इसापूर धरणाच्या खाली आहे. म्हणजे नैसर्गिक स्थितीत कयाधूचा एक थेंबही इसापूर जलाशयात जात नाही. वळण योजना हे पाणी संगमाच्या बरेच वर अडवून, दोन नद्यांमधील जलविभाजक ओलांडून धरणाच्या वरच्या बाजूस नेऊ पाहते. नकाशावर पाहिले तर पाणी एकाच पैनगंगा उपखोऱ्यात राहते. त्यामुळे तांत्रिक अर्थाने हे आंतरखोरे स्थलांतर नव्हे. आंतरराज्य वाटपाच्या हिशोबातही त्याने विशेष फरक पडत नाही. फरक पडतो तो खरबीपासून संगमापर्यंतच्या कयाधूकाठाला.

ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्प

इसापूर धरण १९८२ मध्ये पूर्ण झाले. मातीच्या या धरणाची पायापासूनची उंची ५७ मीटर, लांबी ४,१२० मीटर आणि उपयुक्त साठा सुमारे ९६४ दशलक्ष घनमीटर आहे. धरणाचा एक तीर यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात, तर दुसरा हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्यात येतो. डावा कालवा पुसद–उमरखेडकडे जातो. उजवा कालवा कळमनुरी तालुक्यातून निघून, वाटेत कयाधू ओलांडून हदगाव, अर्धापूर, नांदेड, मुदखेड व भोकर या भागांस पाणी देतो. अर्धापूरची केळी याच पाण्यावर उभी आहे. दोन्ही कालव्यांवरील नियोजित सिंचन सव्वा लाख हेक्टरच्या आसपास आहे. नांदेड शहराला मुख्य पाणीपुरवठा गोदावरीवरील विष्णुपुरी प्रकल्पातून होत असला, तरी टंचाईच्या काळात इसापूरचे पाणीही आसना नदीमार्गे शहरासाठी घेतले जाते.

उजव्या कालव्याने कयाधू ओलांडणे हा केवळ बांधकामाचा तपशील नाही. कालवा व नदी जेथे एकमेकांजवळ येतात, त्या भागात नदीवर धरण बांधले तर त्याचे पाणी त्याच कालव्याच्या खालच्या भागास पूरक म्हणून वापरता येते. सापळी धरणाची कल्पना या सोयीतून आली. इसापूर आणि सापळी या दोन साठ्यांवर मिळून लाभक्षेत्र आखले गेले. पहिला साठा उभा राहिला, दुसरा राहिला नाही. लाभक्षेत्राचा आकडा मात्र दोन्ही साठे गृहीत धरूनच पुढे चालू राहिला. आज ‘इसापूरची तूट’ म्हणून जी सांगितली जाते, तिचा एक भाग पावसाचा नसून या आखणीचा आहे.

सापळी धरण

सापळी हे कळमनुरी तालुक्यातील कयाधूकाठचे गाव. येथे धरण झाल्यास नदीकाठची सुपीक काळी जमीन आणि अनेक गावे बुडिताखाली जाणार होती. बुडीत क्षेत्र हिंगोली जिल्ह्याचे आणि ओलित प्रामुख्याने नांदेड जिल्ह्याचे, या विभागणीमुळे प्रकल्पाला सुरुवातीपासून विरोध झाला. हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा होऊन स्वतंत्र जिल्हा झाल्यानंतर या विरोधाला जिल्ह्याच्या अस्मितेचीही जोड मिळाली.

रखडलेल्या धरणाचा त्रास बांधलेल्या धरणापेक्षा वेगळ्या प्रकारचा असतो. महाराष्ट्र प्रकल्पबाधित व्यक्तींचे पुनर्वसन अधिनियम, १९९९ व त्यापूर्वीचा १९८६ चा कायदा यांनुसार अधिसूचित बाधित व लाभ क्षेत्रांत जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध येतात. अशा क्षेत्रात शेतकऱ्याला मोबदला मिळालेला नसतो आणि जमीन मुक्तपणे विकताही येत नाही. जे गाव कागदोपत्री बुडणार असते, तेथे शाळा, रस्ता किंवा पाणीपुरवठा यांवर खर्च करण्यास यंत्रणाही कचरतात. त्यामुळे ‘धरण करा, नाहीतर रद्द केल्याचे लेखी द्या’ अशा स्वरूपाची मागणी राज्यातील अनेक रखडलेल्या प्रकल्पांच्या गावांतून होत आली आहे. सापळीही त्यास अपवाद नाही.

सापळीचे पाणी मिळणार नाही हे स्पष्ट होत गेल्यावर पर्यायांचा शोध सुरू झाला. त्यात दोन दिशा दिसतात. एक म्हणजे पैनगंगेच्या पात्रातच इसापूरच्या खाली उच्च पातळी बंधाऱ्यांची मालिका. पांगरा, बनचिंचोली, गोजेगाव, घारापूर, किनवट, मारेगाव आणि धनोडा ही सात ठिकाणे त्यासाठी पुढे आली. असे बंधारे पात्राच्या आतच पाणी साठवतात, त्यामुळे बुडीत क्षेत्र अल्प असते. मात्र पाणी काठावर उपशानेच घ्यावे लागते. दुसरी दिशा खरबीची, म्हणजे कयाधूचे पाणी उगमाकडील बाजूस वळवून इसापूर जलाशयातच ओतण्याची. यात मोठे बुडीत टळते व कालव्यांना गुरुत्वाने पाणी मिळते. मात्र ज्या खोऱ्यातून पाणी उचलले जाते, त्याच्या वाट्याला काय येते हा प्रश्न मागे राहतो.

योजनेची रचना

वळण योजनेची जागा मुख्यतः पातळीवरून ठरते. इसापूर जलाशयाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ४४१ मीटर आहे. पंपाशिवाय पाणी न्यावयाचे असल्यास कयाधूवरील बंधाऱ्यातील पातळी त्याहून अधिक हवी, शिवाय वाटेतील उतारासाठी काही मीटर हाताशी ठेवावे लागतात. सापळीच्या जागी नदी खूप खाली उतरलेली असते. म्हणून गुरुत्वीय वळणासाठी वरच्या भागाकडेच जावे लागते. बंधारा जितका वर, तितके पाणलोट क्षेत्र कमी आणि तितके मिळणारे पाणीही कमी. जितका खाली, तितके पाणी अधिक, पण ते चढवावे लागते. या दोन मर्यादांमध्ये जी जागा बसते, ती निवडली जाते.

नदी आणि जलाशय यांच्या मध्ये जलविभाजकाचा उंचवटा आहे. तो ओलांडण्यासाठी खोल खोदकाम किंवा बोगदा लागतो. वळण कालव्याची वहनक्षमता किती ठेवावयाची हा त्यानंतरचा निर्णय, आणि तोच खर्चाचा मोठा भाग ठरवितो. कयाधूसारख्या नदीचे वर्षभराचे बहुतेक पाणी पावसाळ्यातील मोजक्या पुरांतून वाहून जाते. कालवा लहान ठेवला तर पुराचा माथा बंधाऱ्यावरून निघून जातो आणि वळते ते फक्त मधल्या काळातील मंद प्रवाहाचे पाणी. नेमके तेच पाणी खालच्या गावांच्या विहिरी व डोह भरीत असते. कालवा मोठा केला तर पुराचे पाणी पकडता येते, पण वर्षातील बहुतांश दिवस तो रिकामा राहतो. ‘आम्ही केवळ पुराचे वाया जाणारे पाणी नेणार’ हे वळण योजनांच्या समर्थनातील नेहमीचे वाक्य कालव्याच्या वहनक्षमतेवर आणि बंधाऱ्याच्या दारांच्या परिचालनावर तपासावे लागते.

जलशास्त्रीय प्रश्न

महाराष्ट्रात मोठे व मध्यम प्रकल्प सामान्यतः ७५ टक्के विश्वासार्हतेच्या येव्यावर आखले जातात. म्हणजे शंभरांपैकी पंचाहत्तर वर्षांत निदान इतके पाणी येईल, असा आकडा धरला जातो. प्रकल्पास मान्यता देण्यापूर्वी पाणी उपलब्धतेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्यात वरच्या भागातील विद्यमान, बांधकामाधीन व भावी वापर वजा करणे अपेक्षित असते.

इसापूरच्या बाबतीत हे वजा करणेच वादग्रस्त झाले. धरण आखले गेले तेव्हा वरच्या पैनगंगेवर मोठे वापर नव्हते. पुढे बुलढाणा जिल्ह्यात पेनटाकळी धरण झाले आणि वाशिम जिल्ह्यात नदीच्या पात्रावर अकरा बॅरेज उभे राहिले. ती कामे विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या कक्षेत, तर इसापूर गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाच्या कक्षेत येते. ही महामंडळे अनुक्रमे १९९७ व १९९८ मध्ये स्थापन झाली. नदी एक आणि हिशोबाच्या वह्या दोन, अशी ही स्थिती आहे. वरच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने बॅरेज हा त्याचा रास्त वाटा असतो. खालच्या धरणाच्या दृष्टीने ती येव्यातील घट असते.

दुसरा प्रश्न अधिक मूलभूत असून सार्वजनिक चर्चेत तो क्वचितच येतो. कयाधू आणि पैनगंगा यांची खोरी एकमेकांना लागून आहेत. दोन्हींवर तोच मोसमी पाऊस, त्याच ढगांतून, जवळपास त्याच दिवसांत पडतो. ज्या वर्षी पैनगंगेला पाणी कमी, त्या वर्षी कयाधूलाही कमीच असण्याची शक्यता मोठी. आणि ज्या वर्षी कयाधूला पूर येतो, त्या वर्षी इसापूर बहुधा स्वतःच्याच पाण्याने भरून सांडव्यावरून विसर्ग सुरू झालेला असतो. अशा वर्षी वळविलेले पाणी जलाशयात शिरून पुन्हा धरणाखाली सोडावे लागते, म्हणजे जेथे ते नैसर्गिक मार्गाने जाणारच होते तेथेच पोचते. वळण योजनेचा खरा उपयोग मधल्या वर्षांत होतो, म्हणजे इसापूर अर्धेमुर्धे भरलेले आहे आणि कयाधूला एखाद-दुसरा चांगला पूर आला आहे अशा वर्षांत. त्यामुळे योजनेचे मूल्य ठरविताना सरासरी वार्षिक पाणी किती, यापेक्षा अशी मधली वर्षे किती, हे पाहणे आवश्यक ठरते. दूरच्या व वेगळ्या पर्जन्यमानाच्या खोऱ्यातून, उदाहरणार्थ सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून, पाणी आणणाऱ्या योजनांना ही अडचण तितक्या प्रमाणात येत नाही. त्यांचा खर्च व उपशाची वीज हे वेगळे प्रश्न असतात.

प्रादेशिक मागण्या

नांदेड जिल्ह्याची बाजू अपुऱ्या राहिलेल्या प्रकल्पाची आहे. कालवे खोदले गेले, जमीन लाभक्षेत्रात धरली गेली, मात्र शेवटच्या टोकाला पाणी पोचत नाही. कालव्याच्या शेपटाकडील शेतकरी उन्हाळी पाळीची खात्री नसल्याने ऊस किंवा केळी लावताना कूपनलिकेवर विसंबतो. सापळीचे पाणी मूळ आराखड्यातच होते, तेव्हा खरबी ही नवी मागणी नसून जुन्या आश्वासनाची पूर्तता आहे, असे येथे मानले जाते.

यवतमाळ जिल्ह्याचा आग्रह डाव्या कालव्याच्या हिश्श्याबरोबर नदीपात्रातील पाण्याचा आहे. धरणाखालची पैनगंगा उन्हाळ्यात कोरडी पडते आणि उमरखेड, हदगाव, हिमायतनगर, किनवट या भागांतील नदीकाठची गावे पिण्यासाठी व जनावरांसाठी पात्रात पाणी सोडण्याची मागणी करतात. ही मागणी दोन्ही प्रदेशांतील गावांची समान आहे. नदीच्या अलीकडचे मराठवाड्याचे व पलीकडचे विदर्भाचे गाव एकाच डोहावर अवलंबून असते. पाळी किती व केव्हा, याचा निर्णय कालवा सल्लागार समितीत होतो. त्यासाठी १५ ऑक्टोबरचा साठा आधारभूत धरला जातो. कयाधूचे पाणी इसापूरमध्ये आले, तर त्यातील काही पुन्हा नदीपात्रासाठी राखले जाईल काय, हा काठच्या गावांचा प्रश्न आहे.

हिंगोली जिल्ह्याची तक्रार सर्वांत जुनी व सर्वांत तीव्र. जिल्ह्याच्या सीमेवर किंवा हद्दीत तीन मोठे जलाशय आहेत : पैनगंगेवर इसापूर, पूर्णेवर येलदरी आणि त्याखाली सिद्धेश्वर. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांनी वसमत तालुक्याला निश्चित लाभ झाला, पण पाण्याचा मोठा भाग परभणी व नांदेड जिल्ह्यांत जातो. इसापूरच्या उजव्या कालव्याचा लाभ कळमनुरीच्या काही भागापुरता आहे. हिंगोली शहर पिण्याचे पाणी सिद्धेश्वरवरून आणते, तर शहरालगत वाहणारी कयाधू उन्हाळ्यात कोरडी असते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण जिल्ह्यात या संदर्भात हमखास ऐकू येते. अशा स्थितीत जिल्ह्यातून वाहणारी स्वतःची म्हणावी अशी एकमेव मोठी नदीही बाहेर वळविली जाणार, या भावनेतून खरबी बंधाऱ्याविरुद्ध पक्षभेद बाजूस ठेवून आंदोलने झाली.

सेनगाव तालुका व गोरेगाव परिसर यांची स्थिती या चर्चेत बहुतेकदा दुर्लक्षित राहते. गोरेगाव हे सेनगाव तालुक्यातील बाजाराचे मोठे गाव असून आसपासची गावे कोरडवाहू आहेत. तालुक्याच्या उत्तरेस पैनगंगा, मधून कयाधूचा वरचा प्रवाह आणि दक्षिणेस येलदरीचा जलाशय आहे. तरीही तिन्हींपैकी एकाचाही मोठा कालवा या माळावर चढत नाही, कारण जमीन जलाशयांच्या पातळीहून उंच आहे. खरबीचे वळण झाले वा न झाले, तरी या भागाला थेट पाणी मिळत नाही. अप्रत्यक्ष परिणाम मात्र होऊ शकतो. खाली मोठा साठा एकदा विशिष्ट येव्यावर मंजूर झाला, की वरच्या पाणलोटात नवे बंधारे, तलाव किंवा उपसा योजना मंजूर करताना तो येवा ‘वापरलेला’ म्हणून वजा होतो. इसापूरच्या वरच्या वाशिम जिल्ह्यात बॅरेज झाल्यानंतर जो वाद उद्भवला, तोच उद्या सेनगावात साधा तलाव मागताना उलट्या बाजूने उद्भवू शकतो. म्हणून वरच्या खोऱ्याचा भावी वापर आधी राखून ठेवावा व उरलेल्या पाण्यावरच वळण आखावे, ही मागणी खरबीच्या विरोधाहून वेगळी आणि स्वतंत्रपणे विचारात घेण्यासारखी आहे.

अनुशेष व कायदेशीर चौकट

महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोलाचे मोजमाप १९८४ च्या दांडेकर समितीपासून पद्धतशीरपणे होऊ लागले. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) नुसार १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी विकास मंडळे स्थापन झाली. निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ ची स्थिती आधारभूत धरून क्षेत्रवार अनुशेष काढला. पुढे राज्यपालांच्या निर्देशांद्वारे निधीवाटप त्यास जोडले गेले. सिंचनाच्या क्षेत्रात हे मोजमाप जिल्हानिहाय झाले. आधारवर्षी हिंगोली हा परभणीचाच भाग असल्याने नव्या जिल्ह्याचा स्वतंत्र अनुशेष नंतर वेगळा काढावा लागला. परभणीच्या सरासरीत येलदरी, सिद्धेश्वर व जायकवाडीच्या कालव्यांचे ओलित मिसळलेले होते. त्यामुळे सेनगाव किंवा हिंगोली तालुक्यातील कोरडेपणा त्या सरासरीखाली झाकला गेला, असा जिल्ह्यातील अभ्यासकांचा व कार्यकर्त्यांचा युक्तिवाद राहिला आहे. डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ च्या अहवालात संतुलित प्रादेशिक विकासाचा नव्याने विचार करताना पाण्याला मध्यवर्ती स्थान दिले.

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ ने दोन परस्परपूरक तत्त्वे आणली. कलम १२(६)(ग) नुसार टंचाईच्या काळात खोऱ्यातील तूट सर्वांनी समन्यायी पद्धतीने वाटून घ्यावी, आणि अनुशेषाबाबत राज्यपालांच्या निर्देशांचे पालन व्हावे. पहिल्या तत्त्वाचा सर्वाधिक गाजलेला वापर जायकवाडीच्या संदर्भात झाला. मेंढेगिरी समितीच्या २०१३ च्या अहवालानंतर प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी आदेश दिला आणि मुंबई उच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१६ च्या निकालात समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. त्या निर्णयाने नाशिक–नगरच्या धरणांतून खाली पाणी सोडण्याचा मार्ग मोकळा झाला.

कयाधूच्या प्रकरणात ही दोन तत्त्वे एकाच दिशेने बोलत नाहीत. समन्यायी वाटप हे प्रकल्प-प्रकल्पांमधील असते. ज्याच्याकडे धरण आहे त्याला तूट सिद्ध करता येते. ज्या तालुक्यात प्रकल्पच नाही, त्याची तूट या हिशोबात दिसत नाही. अनुशेषाचे तत्त्व नेमके त्या प्रकल्पहीन क्षेत्राकडे पाहते. इसापूरच्या लाभक्षेत्राने पहिल्या तत्त्वाचा आणि हिंगोलीने दुसऱ्याचा आधार घेतला, तर दोघांचेही म्हणणे कायद्याच्या चौकटीतच बसते.

आंतरराज्य पातळीवर चित्र तुलनेने सोपे आहे. महाराष्ट्र व आंध्र प्रदेश यांच्यातील ६ ऑक्टोबर १९७५ चा करार पुढे गोदावरी पाणी तंटा लवादाच्या निवाड्याचा भाग झाला. त्यातील ६० अब्ज घनफुटांची सुप्रसिद्ध मर्यादा पैठण, सिद्धेश्वर व निजामसागर यांच्या खालच्या आणि पोचमपाडपर्यंतच्या क्षेत्रातील नव्या वापरास लागू आहे. पैनगंगा पोचमपाडच्या बरीच खाली, प्राणहितेमार्गे गोदावरीस मिळते. म्हणून कयाधूचे पाणी त्या मर्यादेत येत नाही. त्याच करारात निम्न पैनगंगा हा दोन राज्यांचा संयुक्त प्रकल्प म्हणून तत्त्वतः मान्य झाला होता. त्या प्रकल्पालाही बुडीत क्षेत्रातील गावांचा दीर्घ विरोध राहिला आहे.

पर्याय

खरबीच्या जागी किंवा जोडीने अनेक पर्याय चर्चेत आहेत. कयाधूवरच कोल्हापूर पद्धतीच्या व उच्च पातळी बंधाऱ्यांची साखळी उभारून पाणी जिल्ह्यात अडविणे हा हिंगोलीचा पसंतीचा पर्याय. त्याचा लाभ नदीच्या दोन्ही काठांवरील एक-दोन किलोमीटरच्या पट्ट्यास मिळतो, माळावरच्या गावांस नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची आणखी एक अडचण सर्वत्र सारखी आहे : फळ्या पावसाळ्याच्या अखेरीस वेळेवर बसवाव्या लागतात. लवकर बसविल्या तर पूर त्या वाहून नेतो, उशीर झाला तर अडवावयाला पाणी उरत नाही.

इसापूरच्या कालव्यांची दुरुस्ती व अस्तरीकरण हा कमी आकर्षक, पण कदाचित सर्वांत स्वस्त पर्याय. जुन्या मातीच्या कालव्यांतून होणारी गळती कमी झाली, तर शेपटाच्या शेतकऱ्याला नव्या नदीवाचूनही पाणी पोचू शकते. गळतीच्या पाण्यावर भरणाऱ्या विहिरींच्या मालकांना मात्र हे अस्तरीकरण नको असते. महाराष्ट्र सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी देणे अपेक्षित आहे. ते जेथे प्रत्यक्षात आले, तेथे वापर मोजता येतो आणि तूट किती, हेही नेमके सांगता येते.

सशर्त वळण हा तिसरा मार्ग. बंधाऱ्यातून आधी खालच्या नदीसाठी ठरावीक प्रवाह सोडणे, हिंगोली तालुक्यातील व वरच्या भागातील वापरासाठी हिस्सा राखून ठेवणे, इसापूर विशिष्ट पातळीपर्यंत भरलेले असल्यास वळण बंद ठेवणे, आणि जलाशयात आलेल्या जादा पाण्यातून हिंगोली जिल्ह्यासाठी उपसा योजना देणे, अशा अटी त्यात सुचविता येतात. तांत्रिकदृष्ट्या हे शक्य आहे. मात्र अटी केवळ मान्यतेच्या कागदात राहिल्या, तर दारांची किल्ली ज्याच्याकडे त्याचा निर्णय अंतिम ठरतो. जायकवाडीच्या अनुभवानंतर मराठवाड्यात, आणि आता मराठवाड्याच्या आतही, ही शंका घेतली जाते.

मराठवाड्यातील मोठी धरणे नळमार्गांनी जोडण्याची ‘वॉटर ग्रीड’ संकल्पना प्रामुख्याने पिण्याच्या पाण्यासाठी आहे, आणि पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी गोदावरीत आणण्याच्या योजनांचा ओघ जायकवाडीकडे आहे. कयाधूच्या वरच्या खोऱ्याला, म्हणजे सेनगाव–गोरेगावच्या माळाला, या दोन्हींपैकी कशातूनही सिंचनाचे पाणी थेट मिळत नाही.

हे देखील पाहा

इसापूर धरण
कयाधू नदी
पैनगंगा नदी
येलदरी धरण
सिद्धेश्वर धरण
हिंगोली जिल्हा
सेनगाव तालुका
जायकवाडी धरण
गोदावरी पाणी तंटा लवाद